घरून शिकणाऱ्या मुलांची हजेरी मिनिटांवर धरू नका, कामावर धरा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी रात्री पावणेदहाला मला एका विद्यार्थिनीचा फोन आला, जांबोटीच्या पुढच्या एका गावातली पोरगी, बीकॉमच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे, आणि पहिली दोन मिनिटं ती नुसती रडत होती. कॉलेजच्या ग्रुपवर अटेंडन्स शॉर्टेजची यादी पडली होती, त्यात तिचं नाव आणि पुढे ४१ टक्के. परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते, म्हणजे हॉल तिकीट अडणार. "मॅडम, मी सगळं केलंय ओ, वही बघा की माझी, एक पण असाइनमेंट चुकली नाय" असं ती परत परत सांगत होती आणि मला माहीत होतं की ती खरं बोलतेय, कारण त्या असाइनमेंट मीच तपासल्यात.

मी खानापूर तालुक्यातल्या एका डिग्री कॉलेजात गेस्ट लेक्चरर आहे, कॉमर्स शिकवते. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण हा काही एका कॉलेजचा विषय नाही आणि तिथली माणसंही वाईट नाहीत. उलट ह्या मुलीचे वडील मागच्या दिवाळीनंतर लकव्यानं अंथरुणाला खिळले, आई काजू फॅक्टरीत जाते, भाऊ नववीत, वडलांजवळ घरात कोण तर हीच, तेव्हा प्रिन्सिपल सरांनीच समजून घेतलं आणि शेवटचं सेमिस्टर घरून कर, परीक्षेला तेवढी ये असं सांगितलं. त्यांचे उपकारच म्हणायचे. अशी घरून कोर्स पुरा करणारी आमच्याकडं अकरा मुलं-मुली आहेत. एकीचं लग्न होऊन ती निपाणीकडं गेलीय आणि सासरच्यांनी डिग्री पुरी कर म्हणून स्वतः सांगितलंय, एक गोव्यात हॉटेलात कामाला आहे कारण घरावर कर्ज आहे, एक उद्यमबागला फाउंड्रीत नाइट शिफ्ट करतो, एकाच्या पायात ॲक्सिडेंटनंतर रॉड घातलाय आणि त्याला जिना चढता येत नाही. ह्यातला एकही मुलगा कॉलेज चुकवायचं म्हणून घरी बसलेला नाही. आणि ह्या अकरातले सात जण शॉर्टेजच्या यादीत आहेत.

आता हजेरी कशी धरतात ते सांगते, कारण बऱ्याच पालकांना हे माहीतच नसतं. तासाची लिंक पाठवायची, पोरांनी जॉइन व्हायचं, कोण किती वाजता आत आलं आणि किती वाजता बाहेर गेलं ते सॉफ्टवेअर लिहून ठेवतं, आणि साठ मिनिटांच्या तासात ४५ मिनिटं भरली नाहीत तर गैरहजर. ऐकायला बरोबर वाटतं. पण रेंज तुटली की पोरगं बाहेर फेकलं जातं, परत आत आलं की रिपोर्टमध्ये नवीन ओळ पडते, परत तुटली की तिसरी ओळ. त्या ओळी जोडून मिनिटांची बेरीज करायची सोय झूममध्ये असते पण ती कुणीतरी बसून करायला पाहिजे, आणि आमच्याकडं ज्यांच्याकडं ते काम आहे त्यांच्या डोक्यावर ॲडमिशन, स्कॉलरशिप, युयुसीएमएसची (युनिव्हर्सिटी-कॉलेजांच्या सरकारी पोर्टलची) एन्ट्री असं दहा ठिकाणचं ओझं असतं, मग सगळ्यात मोठी एक ओळ तेवढी धरली जाते आणि बाकीच्या सोडून देतात. गुगल मीटच्या फुकटच्या अकाउंटला तर हजेरीचा रिपोर्ट येतच नाही, तिथं स्क्रीनशॉट काढून ठेवतात, आणि स्क्रीनशॉटमध्ये नाव दिसतं ते फोन ज्याचा आहे त्याचं. माझ्या एका मुलीची पंधरा दिवसांची हजेरी तिच्या काकांच्या नावानं पडून होती, हे काका कोण ते कळेना म्हणून ती कोणालाच लावली नव्हती.

त्या मंगळवारी रात्री मी झोपले नाही. लॅपटॉप घेऊन बसले आणि ह्या मुलीच्या ओळी जोडत गेले. एका तासाला ती सात वेळा बाहेर पडून सात वेळा परत आत आली होती. सात वेळा! घरात आजारी माणूस, बाहेर वळवाचा पाऊस, लाइट गेलेली, आणि ही पोरगी दर वेळी परत लिंक दाबतेय. आपल्या रिपोर्टनं त्याचा अर्थ काढला की ही तासाला लक्ष देत नाही. सगळ्या ओळी जोडल्यावर तिची हजेरी ६८ टक्क्यांवर गेली. पण ६८ सुद्धा ७५ पेक्षा कमीच, म्हणजे नियमानं ती तरी पण अडणारच. म्हणून माझं म्हणणं फक्त बेरीज नीट करा एवढं नाही. घरून शिकणाऱ्याची हजेरी मिनिटांत मोजणंच चुकीचं आहे असं मला वाटायला लागलंय आणि त्यासाठीच हे पत्र लिहितेय.

आमचा भाग ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, तिथून भीमगडच्या जंगलाकडं आमगाव, गवाळी, कोंगळा अशी गावं आहेत, पावसाळ्यात तिथं जायला धड रस्ता नसतो, आमगावचं नाव तर कर्नाटकातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या जागांत घेतात. झाड पडलं की तार तुटते, तार तुटली की लाइट दोन-तीन दिवस येत नाही, लाइट नाही म्हणजे टॉवरची बॅटरी उतरते आणि मग सगळ्या पट्ट्याची रेंज जाते. पोरं माळावर, काजूच्या बागेत, पाण्याच्या टाकीवर चढून रेंज शोधतात, आणि संध्याकाळ झाली की तिकडं थांबायला घरचे सोडत नाहीत, अस्वलाची भीती असते, मुलींना तर नाहीच सोडत. आणि सीमेवरच्या गावांचा वेगळाच त्रास. कणकुंबीच्या पलीकडं गोव्याचा टॉवर पकडतो, शिनोळीच्या बाजूच्या आपल्या गावांत महाराष्ट्राचा. मध्ये एका ठिकाणी लोकेशन बघून हजेरी घेणारं ॲप आणलं होतं, त्यानं आपल्या तालुक्यातल्या घरात बसलेल्या मुलाला राज्याबाहेर आहे म्हणून दाखवलं आणि हजेरी घेतलीच नाही. सीमेचा खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्याबद्दल मी इथं काही लिहीत नाही, पण आमच्या पोरांनी दोन्हीकडचं सोसायचं आणि त्यात आता हजेरी पण जायची हे मला बघवत नाही.

मग कॉलेजला येत जा की, बस फुकट आहे ना, असं कोणीही म्हणेल. कर्नाटकात बायका-मुलींना सरकारी बस फुकट करणारी शक्ती योजना ११ जून २०२३ ला सुरू झाली आणि त्याचा आमच्या मुलींना फार म्हणजे फार उपयोग झालाय, मी स्वतः बघितलंय, ज्यांना घरून पासाचे पैसे देत नव्हते त्या मुली पण यायला लागल्या. पण जंगलातल्या गावाला दिवसातून एक-दोनच गाड्या असतात आणि सकाळची चुकली की दिवस गेला, आणि ज्या मुलीला वडलांना कूस बदलून द्यायला दर दोन तासांनी उठावं लागतं तिला फुकटची बस असून काय करायची.

आता दुसरी बाजू पण सांगायला पाहिजे. मिनिटं मोजून चोर सापडतात असं पण नाही. अकरातल्या एका मुलाची हजेरी ९८ टक्के आहे. चांगली रेंज, चांगला फोन. मी तासाला त्याला तीन वेळा नावानं हाक मारली, उत्तर नाही, नंतर कळलं की तो जॉइन करून फोन ठेवून कामाला जायचा. काही ठिकाणी तासाच्या शेवटी गुगल फॉर्मची लिंक पाच मिनिटं उघडी ठेवतात, ती लिंक व्हॉट्सॲपवर एका सेकंदात फिरते आणि जो तासाला नव्हताच तो पण फॉर्म भरतो. म्हणजे जो प्रामाणिक आहे पण ज्याच्याकडं रेंज नाही तो बाहेर आणि ज्याच्याकडं रेंज आहे तो काही न करता आत. मी त्या मुलावर रागावलेली नाही, त्याला पण घरची अडचण आहे, पण आपण मोजतोय काय ते बघा.

मी स्वतः पण हेच केलंय. मार्च २०२० ला कॉलेजं बंद झाली तेव्हा आम्हाला कोणालाच काही येत नव्हतं, रोज रात्री एक्सेल शीटमध्ये पी आणि ए टाकायचं एवढंच सांगितलं होतं आणि मी टाकत गेले. त्यातला एक मुलगा पुढे शिकलाच नाही. त्याच्या नावापुढं मी सलग ए टाकलेत, ती शीट अजून माझ्याकडं आहे. त्याच्या घरी तेव्हा फोन होता की नाही एवढं विचारायचं पण मला सुचलं नाही. ते अजून डोक्यातून जात नाही.

७५ टक्क्यांचा नियम वाईट आहे असं मी म्हणत नाही. डिग्रीला ७५ असतात, आपल्या व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीच्या) इंजिनिअरिंगला तर ८५ लागतात, आणि वर्गात बसणाऱ्या मुलांसाठी ते असायलाच पाहिजेत, नाहीतर अर्धी मुलं कॅन्टीनमध्ये आणि बसस्टँडवर दिसतील. पण तो नियम बाकावर बसलेल्या मुलासाठी केलाय, जिथं मास्तर समोर उभा आहे, मूल दिसतंय, झोपलं तर उठवता येतं. घरून शिकायला तोच नियम तसाच्या तसा लावला की तो हजेरीऐवजी नेटची तपासणी करतो.

आणि ज्यांनी ऑनलाइन शिक्षणाचा आधी विचार केलाय त्यांनी मिनिटांना एवढं महत्त्व दिलेलं नाही. आपल्याच देशातलं उदाहरण घ्या. केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं स्वयम् पोर्टल २०१७ साली सुरू झालं, त्यावरचे एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटीवाल्यांनी चालवलेले कोर्स आपल्या भागातले कितीतरी इंजिनिअरिंगचे विद्यार्थी करतात. तिथं तू व्हिडिओ किती वाजता बघितलास हे सर्टिफिकेटसाठी कोणी विचारत नाही. दर आठवड्याला असाइनमेंट असते, तिला शेवटची तारीख असते, बारा आठवड्यांच्या कोर्सला बारातल्या सगळ्यात चांगल्या आठ असाइनमेंट धरतात, त्याचे २५ मार्क आणि सेंटरवर जाऊन समोरासमोर द्यायच्या परीक्षेचे ७५. बारातल्या आठ! म्हणजे माणूस आजारी पडेल, घरात मयत होईल, लाइट जाईल, चार आठवडे चुकले तरी चालतील हे त्यांनी आधीच धरून ठेवलंय. यूजीसीनं २०१८ ला ऑनलाइन कोर्सचे नियम काढले त्यात पण भर होता तो विद्यार्थी चर्चेत भाग घेतो का ह्यावर, पंधरा दिवसांत किमान दोन तास. तिकडं अमेरिकेत सरकारी मदत घेणाऱ्या कॉलेजांना तर नियमच आहे की नुसतं लॉगिन केलं म्हणजे हजर होत नाही, असाइनमेंट दिली, परीक्षा दिली, चर्चेत बोलला, मास्तरांना विषयाचं काही विचारलं तर तो हजर. आणि आपल्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, आमच्या कॉलेजातली पण मुलं अग्निवीर होऊन जातात, त्यांच्यासाठी इग्नूनं जी डिग्री काढलीय त्यात निम्मे क्रेडिट सैन्यातल्या ट्रेनिंगचेच धरतात. मग वडलांची सेवा करत कॉस्ट अकाउंटिंगची गणितं सोडवणाऱ्या पोरीचं काम हजेरीत धरायला आपल्याला एवढं जड का जातं?

फेब्रुवारीपासून मी ह्या अकरा जणांची माझ्यापुरती एक वेगळी वही ठेवलीय, कोणी सांगितलं नव्हतं, मलाच बघायचं होतं. तासाचं रेकॉर्डिंग मी फक्त आवाजाचं करते, व्हिडिओ नाही, कारण आवाजाची फाइल लहान होते आणि ती रात्री दोन वाजता रेंज आली तरी उतरते. रविवारी काम द्यायचं, पुढच्या रविवारी रात्रीपर्यंत कधीही द्या. वहीत हातानं लिहायचं आणि फोटो पाठवायचा, टाइप करायला लॅपटॉप कोणाकडं नाही. आणि काम असं द्यायचं की उतरवून घेता येणार नाही. कॉस्ट शीट, म्हणजे वस्तू तयार करायला काय काय खर्च येतो त्याचा तक्ता, शिकवली तेव्हा पुस्तकातल्या कंपनीचं गणित दिलंच नाही, म्हटलं तुमच्या घरात जे चालतं त्याची कॉस्ट शीट काढा. निपाणीच्या मुलीनं सासूबाईंच्या विड्यांची काढली, हजार विड्यांची मजुरी, पान, दोरा, कारखान्यानं खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचं नुकसान सगळं लिहिलं. एकाची आत्या वडगावला मागावर काम करते, त्यानं एका साडीची काढली. फाउंड्रीतल्या मुलानं साच्याच्या रेतीपासून वीजबिलापर्यंत असं काही लिहिलं की मलाच त्याला फोन करून विचारावं लागलं की ओव्हरहेड (वरखर्च) कुठला आणि कसा धरलास. आणि ह्या जांबोटीच्या मुलीनं काजूची. साधारण चार किलो कच्च्या काजूतून एक किलो गर निघतो, फुटका गर वेगळ्या भावानं जातो, टरफलाचं तेल काढायला देतात त्याचे पैसे परत येतात, ते बायप्रॉडक्ट (जोडउत्पादन) म्हणून खर्चातून वजा करायचे हे तिनं स्वतः ओळखलं होतं. आईला विचारून विचारून लिहिलंय, आईच्या हाताला त्या चिकाचे डाग पडतात त्यासाठी जे तेल आणि राख लागते त्याचा खर्च कोण देतं हा पण प्रश्न तिनं खाली लिहिला होता. वर्गात बसलेल्या साठ मुलांत इतकं चांगलं उत्तर मला दोन वर्षांत मिळालेलं नाही.

दुसरी गोष्ट फोनची. साधा फोन, नेट लागत नाही. पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येकाला पाच मिनिटं फोन करते, पाठवलेल्या कामातलंच विचारते, हा आकडा कुठून आणलास, हे असं का केलंस. दुसऱ्यानं लिहून दिलं असेल तर दुसऱ्या प्रश्नाला कळतं, फार हुशारी लागत नाही. अकरा जणांना पाच-पाच मिनिटं म्हणजे तास पण भरत नाही. तारीख, वेळ, काय विचारलं, काय उत्तर आलं हे वहीत लिहिते, कोणी बघायला मागितली तर आत्ता दाखवते.

सोळा आठवड्यांचं सेमिस्टर. बारा आठवड्यांचं काम पुरं म्हणजे ७५ टक्के, हिशोब इतका सोपा आहे आणि युनिव्हर्सिटीला जो आकडा भरून द्यायचा तो पण मिळतो. माझ्या वहीप्रमाणं ह्या मुलीचे सोळातले पंधरा आठवडे पुरे आहेत, म्हणजे ९४ टक्के, आणि राहिलेला एक आठवडा वडलांना बेळगावला सिव्हिलमध्ये ॲडमिट केलं होतं तेव्हाचा. त्या ९८ टक्केवाल्या मुलाचे पाच. आता तुम्हीच बघा कोण हजर होतं.

आणखी एक आहे जे बोलायला लोक कचरतात. तासाला भाग घेतला म्हणजे बोलला असं धरलं तर आमची मुलं तिथं पण मागं पडतात. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली मुलगी, कॉलेजात शिकवणं इंग्रजीत, नोटीस कानडीत, आणि माइक चालू करून चाळीस जणांसमोर बोलायचं म्हटलं की तिचा घसाच बसतो. मी मराठीत लिही म्हटलं, घरच्या भाषेत सांग म्हटलं तर तीच मुलगी दोन पानं लिहिते. माझे दोन विद्यार्थी कानडी घरचे आहेत, त्यांना पण मी तेच सांगते, कानडीत लिहा, मला वाचता येतं. हाजरी हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे, मग हाजरी लावताना तरी भाषेचा अडसर नको. परीक्षेचा पेपर ज्या भाषेत असेल त्यात लिहायला मी नंतर शिकवते, तो माझ्या कामाचा भाग आहे.

आणि कॅमेरा चालू ठेवा हा हट्ट कृपा करून सोडा. एका खोलीचं घर, मागं वडील अंथरुणावर, आई कपडे वाळत घालतेय, आणि पोरगीनं ते चाळीस पोरांना दाखवायचं का? तोंड ओळखून हजेरी घेणारी ॲप येतायत, त्यात मुलींचे फोटो कुठं साठतात, कोण बघतं, किती दिवस ठेवतात हे कोणी पालकांना सांगत नाही. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शनचा कायदा २०२३ ला झालाय, निदान त्या कायद्याच्या मानानं तरी आधी विचारावं, संमती घ्यावी.

माझ्या बोलण्याला जे उलट बोलतील त्यांचं पण बरोबर आहे थोडं. हे काम जास्त आहे. आम्हा गेस्ट लेक्चररना तासांचे पैसे मिळतात, वही तपासायचे आणि फोन करायचे तास कोणी धरत नाही, मी अकरा जणांचं करते पण कोणाकडं साठ जण असतील तर त्यांनी कसं करायचं? म्हणून हे काम टाइमटेबलमध्ये आठवड्याचा एक तास म्हणून धरायला पाहिजे, नाहीतर एक-दोन वर्षांत बंद पडेल, मी पण बंद करेन कदाचित, खोटं कशाला बोलू. आणि सगळं घरूनच असं पण नको. महिन्यातून एकदा कुठंतरी समोर भेटायला पाहिजे, कॉलेजात नाही जमलं तर गावातल्या अरिवु केंद्रात, म्हणजे ग्रामपंचायतीच्या लायब्ररीत, तिथं रजिस्टर असतंच, ग्रंथपालांनी वेळ टाकून सही घेतली की झालं. मी आमच्या दोन गावांत विचारून आलेय, दोघंही हो म्हणालेत, फक्त कॉलेजचं एक पत्र द्या म्हणतात.

आणि शॉर्टेज सेमिस्टर संपताना सांगू नका. पाचव्या आठवड्यात सांगा, आई-वडलांना फोन करून सांगा, त्यांना कळेल अशा भाषेत सांगा. दोनशे मुलांच्या ग्रुपवर नाव आणि टक्के टाकायची गरज काय आहे? ती मुलगी रडत होती ते निम्मं ४१ टक्क्यांसाठी आणि निम्मं सगळ्यांनी बघितलं म्हणून. त्या रात्री तिच्या गावातल्या दोघांनी तिच्या आईला जाऊन सांगितलं की तुमची पोरगी फोन घेऊन दुसरंच काहीतरी करते वाटतं. आई दिवसभर काजू सोलून आलेली, तिला काय कळणार रिपोर्टच्या ओळी. दुसऱ्या दिवशी मी बस पकडून त्यांच्या घरी गेले, वही दाखवली, मराठीत सगळं समजावून सांगितलं, तेव्हा कुठं त्या माउलीच्या जिवात जीव आला. चहा दिला, काजूगर बांधून दिले, नको नको म्हणत असताना.

आमच्या कॉलेजची हजेरीची मीटिंग येत्या सोमवारी आहे. यादीतल्या सात जणांच्या वह्या मी जमवतेय, गोव्यातल्या मुलाची तेवढी यायची आहे, तो शनिवारी रात्रीच्या गाडीनं पाठवतो म्हणालाय. प्रिन्सिपल सर ऐकून घेतील असं मला वाटतं पण युनिव्हर्सिटीच्या नियमात तसं लिहिलेलं नाही म्हणून त्यांचे पण हात बांधलेत, म्हणून राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटीच्या मोठ्या लोकांपर्यंत हे जावं अशी माझी इच्छा आहे. मिरगाचा पाऊस लागलाय, ह्या आठवड्यात जांबोटीकडची लाइट दोनदा गेली. सोमवारच्या आधी पत्र छापता आलं तर फार बरं होईल, जागा कमी असेल तर बाकीचं कापा पण काजूच्या कॉस्ट शीटचं तेवढं ठेवा.

आपली नम्र,
एक गेस्ट लेक्चरर, ता. खानापूर, जि. बेळगाव